पांजणीच्या दिवसांचं टाचण

चंपतराव गभणे गुरुजींची टाचणवही बघायला दुसऱ्या शाळांतले मास्तर येत, आणि येताना कोरी वही न विसरता घेऊन येत. उद्या वर्गात काय शिकवायचं, कोणतं चित्र दाखवायचं, पोरांना कोणते प्रश्न विचारायचे, हे सगळं आधी वहीत लिहून हेडमास्तरांची सही घ्यायची, ही प्राथमिक शिक्षकाच्या मानेवरची रोजची धोंड. बाकीचे मास्तर ती कशी उतरवत ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षीची वही डाव्या हाताला, यंदाची उजव्या हाताला, तारखा तेवढ्या बदलायच्या आणि मधे चहा. एका मास्तरांनी तर मागच्या वर्षीची रविवारची सुट्टीसुद्धा जशीच्या तशी उतरवून ती यंदाच्या सोमवारी पाडली होती.

चंपतरावांचं तसं नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते सायकलवर टांग मारून सक्करदऱ्याला घरी येत, जेवत, आणि पुढच्या अख्ख्या आठवड्याचं टाचण एका बैठकीत लिहून काढत. विषय निळ्या शाईत, उद्देश हिरव्या शाईत, प्रश्न काळ्या शाईत. समास पट्टीनं आखलेला, अक्षर असं की बघणाऱ्यानं बोट फिरवून बघावं. त्या दुपारी घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. "पोरीच्या लग्नाची पत्रिकाबी एवढ्या निगुतीनं नाई लिवली तुमी," असं त्यांच्या बायकोनं, रुख्माबाईनं, एकदा बोलून दाखवलं होतं. चंपतरावांना तो टोमणा आहे हे कळलंच नाही. त्यांना बरं वाटलं.

त्यांची शाळा कोष्टीपुऱ्याच्या तोंडाशी होती आणि १९७३ साली त्यांच्याकडे तिसरीचा वर्ग होता. सेहेचाळीस पोरं, त्यातली बरीचशी विणकरांची. वेळापत्रक भिंतीवर काचेत लावलेलं. अकराला प्रार्थना, मग पहिला तास वाचनाचा, दुसरा लेखनाचा, कारण सकाळी डोकं ताजं असतं. मधल्या सुट्टीनंतर इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र. चंपतरावांचं टाचण या वेळापत्रकाला इतकं धरून असे की हेडमास्तर भैयाजींनी दिवाळीआधीच त्यांचं नाव आदर्श शिक्षकासाठी वर पाठवून दिलं होतं. फेब्रुवारीत तपासणीचे साहेब येतील, वही बघतील, आणि शिफारस पुढं जाईल, असा सगळा बेत होता. चंपतराव वरवर म्हणत, "त्यात काय एवढं!" पण सत्काराच्या दिवशी घालायचा कोट त्यांनी मनातल्या मनात शिवायला टाकला होता.

असा हा माणूस एका दुपारी तोंडावर आपटला. आपटला तो कोणाला दिसला नाही, एवढंच त्याचं नशीब.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीनंतर उमरेडकडचे दोन मास्तर वही बघायला आले. वही बघून झाली. भैयाजी म्हणाले, आता वर्गही दाखवा. चंपतरावांनी तिसऱ्या बाकावरच्या जयवंताला उभं केलं. जयवंता मागच्या वर्षी दुसऱ्या तुकडीत तिसरी नापास होऊन यंदा त्यांच्या वर्गात आलेली, पण आवाज मोठा, बोलणं धीट. तिनं पुस्तक उघडलं आणि हरणाच्या पिल्लाचा धडा घडाघडा वाचला. कुठं अडखळली नाही. स्वल्पविरामाला थांबली, प्रश्नचिन्हाला सूर उंचावला. पाहुणे मास्तर माना डोलवायला लागले.

चंपतराव कौतुकानं तिच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि त्यांनी पुस्तकात पाहिलं. पान पोस्टमनच्या धड्याचं होतं. खाकी टोपी घातलेला पोस्टमन चित्रातून बघत होता आणि जयवंता त्याच्याकडे बघून हरणाचं पिल्लू वाचत होती.

त्यांनी हात लांब करून पुस्तक मिटलं. "बस, शाबास," म्हणाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. भैयाजींनी सगळ्यांत मोठ्यानं.

शाळा सुटल्यावर त्यांनी जयवंताला थांबवून घेतलं. पाटीवर लिहिलं, 'गवत'. "वाच." पोरगी पाटीकडे बघेना. ती गुरुजींच्या ओठांकडे बघत होती, ते हलतील म्हणून. ओठ हलले नाहीत तशी म्हणाली, "हरीण?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अख्खं पुस्तक तिला पाठ होतं. तिची थोरली बहीण सत्यवती घरी कांड्या भरता भरता धडे म्हणायची, ते ऐकून ऐकून हिनं उचलले होते. कांड्या म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या. पण काना कुठं आणि वेलांटी कुठं, हे तिला धड माहीत नव्हतं. तिसरीचं दुसरं वर्ष, आणि पोरीला 'गवत' वाचता येत नव्हतं.

चंपतरावांना राग आला. स्वतःचा यायला पाहिजे होता, पण माणसाला आधी दुसऱ्याचाच येतो. ही पोरगी सकाळच्या तासाला कधी वेळेवर येत नाही, हे त्यांना आठवलं. ती एकटीच कशाला, रोज कोणी ना कोणी उशिरा येई. साडेबाराला ओल्या केसांनी दारात उभं राही, आणि चंपतराव शिस्तीचे असल्यामुळे उशिरा येणाऱ्याला उरलेला तास दाराशी उभं करत. हजेरीत मात्र हे काही दिसत नसे. पट कमी दिसला तर एक तुकडी बंद होऊन एका मास्तरची उचलबांगडी व्हायची, म्हणून भैयाजींनी सगळ्या वर्गांची हजेरी मधल्या सुट्टीनंतर घ्यायची पद्धत पाडली होती. त्या वेळेला वर्ग गच्च भरलेला असे. कागदावर सगळी पोरं रोज हजर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता चंपतराव आईबापांना चार शब्द सुनवायला जयवंताच्या गल्लीत शिरले आणि त्यांना सायकलवरून उतरावंच लागलं. गल्लीत पांजणी, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ लावायचं काम, चाललं होतं; या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेलं होतं. कमरेएवढ्या उंचीवर, बांबूंच्या कैच्यांवर, हजारो धागे एकमेकांना लागून. चार माणसं लांबलचक कुंच्यांनी त्याला खळ लावत पुढं जात होती, मागून बायका धागे मोकळे करत होत्या. आणि दोन्ही बाजूंनी पोरं. त्यांच्याच वर्गातली पोरं! त्यांनी मोजली, अकरा होती.

"गुरुजी, सायकल तिकडंच राहू द्या, धाग्याले लागन," जयवंताचा बाप रुपराव कुंचा न थांबवता ओरडला. "आता थांबता येत नाई. ऊन तापलं का खळ कडक होते, आन मंग धागे तुटते."

जयवंता सुतावर वाकून चालली होती. तिची नजर धाग्यांवरून पुढं सरकत होती, आणि मधेच तिचा हात झडप घालून आत जाई, दोन बोटांत तुटलेला धागा धरून वर येई, पीळ देऊन जोडला जाई, की पोरगी पुढं. चंपतराव डोळे फाडून बघत राहिले, पण त्यांना एकही तुटलेला धागा दिसला नाही.

"तिचं बोट लई बारीक हाये अन नजर पक्की," तिची आई प्रयागबाई हात पुसत त्यांच्याजवळ आली. "म्हून सगळ्याईले तीच पाहिजे. आज आमच्या घरची पांजणी हाये, उद्या धोंडबाची, परवा शालिकरामची. बारा माग हायेत गुरुजी ह्या गल्लीत. एका घरच्या माणसाईनं पांजणी होत नाई, म्हून आमी त्याईच्याकडे जातो, ते आमच्याकडे येतेत. बाकीचे पोट्टे पाळीपाळीनं जाते. हिले सगळेच बोलावतेत."

"अन शाळा?" चंपतराव म्हणाले. "सकायी वाचन असते बाई. दोन तास. तेच बुडते तिचं."

"ते आमाले कोणी सांगतलंच नाई," प्रयागबाई म्हणाली. "हजेरी दुपारी असते, असं पोट्टे सांगते. आमाले वाटलं शाळा दुपारीच सुरू होते खरी."

चार शब्द सुनवायला आलेल्या चंपतरावांनी सायकल भिंतीला टेकवून ठेवली.

रुपरावाचा कुंचा तोवर त्यांच्यापर्यंत आला होता. "यंदा नापास झाली त मी तिले घरी बसोवतो, गुरुजी," तो म्हणाला. रागावून नाही, सहज, ठरलेली गोष्ट सांगावी तसं. "एका इयत्तेत तीन साल काहून काढाचे? कांड्या भरन, मंग मागावर बसन. हात चांगला हाये तिचा."

चंपतराव घाईनं म्हणाले, "नापास कशाले करतो मी? पास करून देईन."

"असं नका करू," प्रयागबाई एवढ्या जोरात बोलली की खळ लावणाऱ्यांनी वर पाहिलं. मग तिनं आवाज उतरवला. "आमच्या सत्यवतीले असंच केलं. पास, पास, पास, अन पाचवीत नेऊन बसवलं. तिथं बाईनं वाचाले उभं केलं अन समद्या वर्गापुढं तिची फजिती झाली. घरी आली ते पुन्हा गेलीच नाई. आज सोळा वर्साची हाये. सीताबर्डीले गेली का कोणती बस कुठं जाते हे लोकाईले इचारते, अन लोकं तिच्याकडे पाहून हासते. पुस्तक अजून पाठ हाये तिले सगळं. काय करू मी त्या पाठाले? जयवंताले वाचता आलं, तरच पास करा. नाई आलं त नापास करा. मंग तिच्या बापाचं खरं."

शाळेत परत येताना चंपतरावांनी सायकल हातात धरून चालवली. एप्रिलला पाच महिने होते.

आधी त्यांनी केलं ते त्यांच्या स्वभावाला धरून केलं: मोजलं. टाचणवहीच्या त्या देखण्या समासात ते रोज पहिल्या तासाला गैरहजर पोरांची आद्याक्षरं पेन्सिलीनं टिपू लागले. तीन आठवड्यांनी शनिवारी दुपारी बेरीज मांडली. वाचनाचे अठरा पाठ झाले होते. प्रत्येकासमोर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पाठ पूर्ण, उद्देश सफल'. त्यातले जयवंताला मिळाले होते चार. चारांतल्या दोन दिवशी ती उशिरा येऊन दाराशी उभी होती, म्हणजे खरे दोनच. ही वही आपण लोकांना उतरवून घ्यायला देत होतो, या विचारानं चंपतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर पुढच्या आठवड्याची पानं आखून तयार होती. त्या शनिवारी पहिल्यांदा त्यांच्या हातून काही लिहून झालं नाही.

सोमवारी ते भैयाजींकडे गेले. म्हणाले, "वाचन मधल्या सुट्टीनंतर घेतो, इतिहास-भूगोल सकाळी."

भैयाजी वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कुठलाही कागद हलला की घाम फुटायचा. "चंपतराव, मंजूर झालेलं वेळापत्रक आहे ते, त्यावर वरच्या साहेबाची सही आहे. अन तुमचं नाव गेलंय वर. आत्ताच कशाला खाजवून खरूज काढता?" मग त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तास बदलाचा तर बदला ना बाप्पा, मी काही वर्गात येऊन पाहून नाई राहिलो. पण वहीत वेळापत्रकाप्रमाणेच लिहा. सगळेच तसं करतात."

चंपतरावांनी पंधरा दिवस तसं केलं. सकाळी भूगोल शिकवायचा आणि वहीत वाचन लिहायचं. एकेक ओळ लिहायला त्यांना दुप्पट वेळ लागे. दिसायला वही पहिल्यासारखीच सुंदर होती, पण त्यांना ती उघडायची लाज वाटू लागली. रुख्माबाईला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. तिसऱ्या शनिवारी त्यांनी सरळ लिहिलं: पहिला तास, भूगोल. चौथा तास, वाचन. बदलाचं कारण: या भागात सकाळी पांजणी असते. हात लगेच पूर्वीसारखा सरसर चालला. भैयाजींनी सही केली खरी, पण डोळे मिटून घ्यावेत तशी केली.

आता कोणाला वाटेल, तास बदलला आणि पोरं वाचू लागली. कुठचं काय! सकाळी चार तास पांजणीला उभी राहिलेली पोरं दुपारी दोनला पेंगत. जयवंताचं दुखणं तर आणखी वेगळं. पुस्तकातलं काहीही काढलं की ती पाठ म्हणायची. पाठांतर इतकं पक्कं की अक्षराला मधे शिरायला जागाच नव्हती. चंपतरावांनी पुस्तक बाजूला ठेवलं. उशिरा आलेल्यांना दाराशी उभं करणं बंद केलं होतंच, आता ते त्यांना आल्या आल्या विचारू लागले, आज कोणाकडे पांजणी होती, किती माणसं होती, काय झालं. पोरं सांगत, गुरुजी फळ्यावर लिहीत. 'आज धोंडबाच्या घरी पांजणी होती. बारा माणसं होती. कुत्रा सुताखालून गेला.' दुपारी तेच वाचायचं. पोरांना मजा आली. जयवंतानं मात्र तेही दोन मिनिटांत पाठ करून टाकलं.

चंपतराव त्या पोरीवर खरोखर चिडले. आणि चिडूनच त्यांना ते सुचलं. मधल्या सुट्टीत सगळे बाहेर असताना त्यांनी फळ्यावरच्या वाक्यात एक शब्द बदलला. 'कुत्रा सुताखालून गेला' याचं 'कुत्रा सुतावरून गेला' केलं. पोरं आत आली तसे म्हणाले, "जयवंता, इकडे ये. पांजणीत धागा तुटला का तुले दिसते. ह्या फळ्यावर एका जागी तुटलं हाये. शोध."

जयवंता फळ्यापाशी गेली. पहिल्यांदाच तिचे डोळे गुरुजींच्या तोंडावर नव्हते. बोट ठेवून ती एकेक अक्षर पुढं सरकू लागली, अगदी सुतावरून सरकायची तशी. वर्ग कंटाळला, एक पोरगं झोपलं, चंपतराव हलले नाहीत. खूप वेळानं बोट थांबलं. "इथं," ती म्हणाली. "खा नाई हाये. व... व हाये." मग तिनं पूर्ण वाक्य पुटपुटलं आणि तोंडावर हात ठेवून हसली. "सुतावरून कसा जाईन कुत्रा? बाबा त्याले मारन ना!"

त्या दिवशी घरी येऊन चंपतरावांनी रुख्माबाईला ही हकिगत तीनदा सांगितली.

मग रोज तेच. रोज फळ्यावर कुठं तरी 'तुटलेलं' असायचं, आधी एका ठिकाणी, मग तीन ठिकाणी. मग पोरं स्वतः एकमेकांसाठी पाटीवर वाक्यं लिहून तोडू लागली, आणि लिहिता लिहिता त्यांचं लेखनही सुधारलं. सकाळच्या भूगोलाला जी पोरं हजर असत ती दुपारी पांजणीवाल्यांना सकाळी काय शिकवलं ते सांगत. अकरा जण एका वेगानं शिकले असं नाही. दोघं तर शेवटपर्यंत जोडाक्षराला घाबरून राहिले. पण जयवंता जानेवारीच्या शेवटी दुकानांच्या पाट्या वाचायला लागली. वाचायची हळू, चुकायची पुष्कळ.

फेब्रुवारीत साहेब आले ते बुधवारी दुपारी दोन वाजता. साठ शाळा तपासायच्या, त्यात ऊन, त्यात जीप बंद पडलेली. वर्गात शिरले, भिंतीवरच्या काचेतलं वेळापत्रक बघितलं. भूगोल. वर्गाकडे बघितलं. पोरं फळ्यासमोर गर्दी करून ओरडत होती, "तुटलं, तुटलं!"

"हे काय चाललंय?"

चंपतरावांनी सगळं सांगितलं. कोट मनातून उतरवून ठेवला होता त्यांनी. साहेबांनी ऐकून घेतलं, वही चाळली, आणि एवढी देखणी वही बघून त्यांनाही क्षणभर वाईट वाटलं असावं.

"गभणे, उद्या धोबीआळीतली शाळा म्हणेल आमचा कपडे धुवायचा वेळ धरून तास लावा. परवा दूधवाले म्हणतील. मी काय करायचं?" त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, वहीच्या त्या आठवड्याच्या पानावर शेरा लिहिला, सही केली आणि उठले. तास पूर्ववत करायला सांगितले. भैयाजी त्यांना जीपपर्यंत पोचवायला धावत गेले आणि परत आल्यावर चंपतरावांकडे न बघता म्हणाले, "मी सांगतलं होतं."

तास पूर्ववत झाले. चंपतरावांनी हुकूम मोडला नाही, तेवढा तो माणूस धीट नव्हता. शाळा सुटल्यावर त्या अकरा पोरांना अर्धा तास थांबवून घेऊ लागले, एवढंच. संध्याकाळच्या कांड्या मागे पडतील म्हणून चार घरांतून कुरकुर झाली. प्रयागबाई त्या चारही घरी जाऊन आली. जयवंताच्या वाटच्या कांड्या ती स्वतः भरू लागली. आदर्श शिक्षकाची यादी मार्चमध्ये लागली, तीत दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. चंपतरावांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मोठा माणूस असता तर हसून सोडून दिलं असतं, पण ते तिसरीचे मास्तर होते आणि त्यांना ते फार हवं होतं.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. शेवटच्या दिवशी जयवंताची पाळी आली तेव्हा प्रयागबाई दारात येऊन उभी होती, डोक्यावर पदर, हाताला खळ वाळलेली. भैयाजी टेबलापाशी बसले होते. वाचनाची परीक्षा दोघांनी मिळून घ्यायची असा नियम होता. भैयाजींनी पुस्तक पुढं केलं. जयवंतानं पोस्टमनचा धडा वाचला, चांगला वाचला.

"झालं. पास," भैयाजी म्हणाले.

"नाई," प्रयागबाई दारातूनच म्हणाली. "थे त तिले पाठ हाये. दुसरं काई द्या."

"अवो बाई, अभ्यासक्रमात आहे तेच—"

"दुसरं द्या," ती आत आली. एरवी शाळेच्या पायरीवरही न चढणारी बाई टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कुठलं पान पोरीला पाठ नसेल हे तिला कळणार कसं? टेबलावर टाचणवही होती. तिनं ती उघडली, चार पानं उलटली. सगळीकडे निळं, हिरवं, काळं. एका पानावर लाल अक्षरं दिसली तशी तिनं त्यावर बोट ठेवलं. "हे वाच, जयवंता."

भैयाजींचा हात वही ओढायला पुढं आला. चंपतरावांचा त्याआधीच आला होता. पण तो वहीवर टेकला आणि तिथंच राहिला. एवढ्या पसाऱ्यात या पोरीनं पूर्वी कधी न पाहिलेली, कोणी पाठ करून घेतलेली नाहीत अशी अक्षरं तेवढीच होती. त्यांनी हात काढून घेतला.

"वाच," ते म्हणाले.

साहेबांचं अक्षर घाईचं. जयवंता वहीवर वाकली आणि बोट ठेवून निघाली. "वर्... वर्ग... वर्गशिक्षकांनी... मं... मंजूर... वेळापत्रक... मोडून..." श्वास घेतला. "पां... पांजणीच्या... सबबीवर... तासांची... अदलाबदल केली... आहे. शिक्षकांस... समज... द्यावी. आदर्श... शिक्षक... म्हणून... शिफारस... करता... येत... नाही."

पंखा नव्हता त्या वर्गात. कपाळावर घाम आला होता पोरीच्या. प्रयागबाईचा चेहरा फुलून गेला होता. ते सरकारी मराठी तिच्या डोक्यावरून गेलं होतं, पण पोरगी वाचत होती, खरंखुरं वाचत होती, हे तिला कळत होतं.

"काय लिवलं हाये वं त्यात?" तिनं हौसेनं विचारलं.

जयवंता पुन्हा त्या ओळींवरून बोट नेत होती, ओठ नुसते हलत होते. मग तिनं गुरुजींकडे पाहिलं, आणि आईकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "आई, सायेब गुरुजीवर रागावले. आपली पांजणी असते म्हून त्याईनं वाचन दुपारी घेतलं ना, तर त्याईले इनाम नाई दिलं."

प्रयागबाईचा हात तोंडाशी गेला. "अगा माय! मले काय मालूम गुरुजी... मी त लाल पाहून बोट ठेवलं..."

त्या शेऱ्यानं चंपतरावांना दोन महिने छळलं होतं. तो कधी कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून ते वही उलटी ठेवत. आणि आता तोच शेरा त्यांच्या सगळ्यांत मठ्ठ ठरलेल्या पोरीनं अर्थासकट वाचून दाखवला होता. त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"बराबर जागी ठेवलं बोट, बाई," शेवटी ते म्हणाले. "जयवंता, खाली आणखी एक राहिलं. तेबी वाच."

खाली साहेबांची सही होती. जयवंतानं वही जवळ घेतली, लांब धरली, तिरपी केली. बराच वेळ झगडली. मग रडकुंडीला येऊन म्हणाली, "हे नाई वाचता येत, गुरुजी."

"मलेबी नाई येत," चंपतराव म्हणाले, आणि निकालपत्रक पुढं ओढून त्यांनी तिच्या नावासमोर वाचनाचे गुण लिहिले.